कधी आलास, कधी आलीस

चित्रपट संपला तेव्हा आपाने पहिला प्रश्न विचारला, "पण त्या आईचं चुकलं काय?"

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली. भाच्याच्या घरी, त्याच्या संगणकावर, आम्ही तिघांनी 'क्लोज टू यू' हा इंग्रजी चित्रपट पाहिला. भाचा मधूनमधून अर्थ सांगत होता. आपाला फारसे सांगावे लागले नाही. माणसे घरात कशी वावरतात हे तिला कोणत्याही भाषेत कळते.

गोष्ट कॅनडातली आहे. सॅम हा टोरांटोत राहणारा तरुण वडिलांच्या वाढदिवसासाठी ऑन्टारिओ सरोवराकाठच्या कोबर्ग या आपल्या गावी निघतो. बऱ्याच वर्षांनी निघतो, कारण तो घरातून गेला तेव्हा घरच्यांच्या लेखी मुलगी होता आणि आता पुरुष म्हणून परततो आहे. आपल्याकडे असे काही ऐकले की लोक लगेच 'तृतीयपंथी' म्हणून मोकळे होतात. इथे तो शब्द चालत नाही. सॅम तिसरा कोणी नाही, तो स्वतःला पुरुषच मानतो आणि तसाच जगतो. त्याची भूमिका करणारा एलियट पेजही तसाच आहे. २००७ च्या 'जुनो'मुळे तो अभिनेत्री म्हणून जगभर माहीत झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याने आपण ट्रान्स असल्याचे जाहीर केले. दिग्दर्शक डॉमिनिक सॅव्हेज यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला.

तिकडच्या प्रतिक्रिया पाहण्यासारख्या आहेत. पेजच्या कामाला बहुतेकांनी दाद दिली, चित्रपटाला मात्र सगळ्यांनी दिली नाही. सॅव्हेज नटांना लिहिलेले संवाद देत नाहीत. प्रसंग समजावून सांगतात आणि नटांनी त्या क्षणी सुचेल ते बोलायचे. त्यामुळे कित्येकांना हा चित्रपट सैल वाटला, माणसे तेच तेच बोलतात असे वाटले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, अशा घरात माणसे तेच तेच बोलतात, म्हणूनच हे खरे आहे. मला दोन्ही पटते. काही जागी मीही कंटाळलो. पण वाढदिवसाला जमलेल्या घरात जो तो सॅमला एकेकटा गाठून 'बरा आहेस ना, आम्हाला तुझी काळजी वाटत होती' असे सांगू लागतो, तेव्हा तो कंटाळा माझा राहत नाही, सॅमचा होतो. आणखी काहींना प्रश्न पडला की, ही पेजची स्वतःचीच कहाणी का? कथा त्याने आणि सॅव्हेजने मिळून रचली एवढे खरे. पेज हॅलिफॅक्सचा, सॅम कोबर्गचा. पण हा प्रश्न विचारणाऱ्याची एक सोय होते. घडले ते कुणा एका नटाच्या घरी, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून उठता येते.

दुसरी सोय त्या जावयाची. घरात एका बहिणीचा जोडीदार आहे, जावईच म्हणा. तो सॅमला टोचून बोलतो, शेवटी उघड भांडतो आणि सॅम मुक्काम आवरून निघतो. हा माणूस तोंड उघडतो तेव्हा मला चक्क हायसे वाटले. सापडला एकदाचा वाईट माणूस! १९९९ च्या 'बॉईज डोन्ट क्राय'मध्ये ही सोय पुरेपूर होती. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९९३ साली ब्रँडन टीना या तरुणाचा खून झाला, त्यावरचा तो चित्रपट. ती भूमिका हिलरी स्वँक या अभिनेत्रीने केली आणि तिला ऑस्कर मिळाले. तिथे मारेकरी समोर होते, त्यांचा संताप करावा, मेलेल्यासाठी रडावे आणि आपण मारेकरी नाही एवढ्या समाधानाने घरी जावे. 'क्लोज टू यू'मधून जावयाला काढून टाकले तर उरतात ती सगळी चांगली माणसे. वडील समजूतदार, बहिणी प्रेमळ, आई तर जीव टाकणारी. तरीही सॅम त्या घरात दम कोंडल्यासारखा वावरतो. पंचाईत इथे आहे आणि आपाचा प्रश्नही इथलाच आहे.

आईकडून एकदा चुकून जुने संबोधन येते. ती शरमते, रडू लागते, माफी मागते. आणि सॅम, ज्याला ते लागले आहे तोच, तिची समजूत काढत बसतो. आपाने बोट ठेवले ते याच प्रसंगावर. "जन्म दिलेल्या बाईची जीभ एकदा घसरली. रडली, माफी मागितली. आणखी काय करायचं तिनं?"

मी आपाच्याच बाजूने होतो. मग मला आमच्या धाकट्या भावाची गोष्ट आठवली. त्याची गोष्ट सॅमची नाही, दोन्ही एका मापाने मोजायची नाहीत. त्याने घरच्यांच्या मर्जीबाहेर लग्न केले आणि नऊ वर्षे घरी पाऊल टाकले नाही. अब्बा गेल्यानंतरच्या ईदला तो आला. मी मोठा भाऊ, सगळ्यांच्या देखत त्याला मिठी मारली आणि म्हणालो, "जाऊ दे, आम्ही सगळं माफ केलं." तेव्हा माझा ऊर स्वतःच्या मोठेपणाने भरून आला होता. तो काही बोलला नाही. शिरखुर्मा अर्धा टाकला आणि दुपारच्या गाडीने गेला. स्टँडवर मला म्हणाला, "भाईजान, मी माफीचा अर्ज घेऊन आलो नव्हतो." कितीतरी दिवस मी त्याला कृतघ्न म्हणत राहिलो.

आता वाटते, मी त्याला काही दिले नव्हते, उलट मागितले होते. माझ्या मोठेपणाची पोच मागितली होती. सॅमच्या घरात प्रत्येकजण तेच मागतो आहे. आम्ही तुला स्वीकारले आहे, ते तुला दिसते आहे ना, मग सांग तसे. सॅमची तक्रारही काहीशी अशीच आहे : तो खरोखर खचला होता तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही आणि तो सावरल्यावर सगळ्यांना काळजी सुचते आहे. काळजी खोटी आहे असे त्याचे म्हणणे नाही. पण तिचे ओझे शेवटी त्यालाच वाहावे लागते.

मय्यतच्या घरी पुरसा द्यायला येणाऱ्या काही बायका आपण पाहिलेल्या असतात. त्या इतक्या रडतात की ज्या घरातले माणूस गेले, त्याच घरच्यांना उठून त्यांना पाणी द्यावे लागते. त्यांचे रडे खोटे नसते. पण ते कुणापुढे काढायचे, याचे भान सुटलेले असते. सॅमच्या आईलाही दुःख करण्याचा हक्क आहे. तिने एक नाव ठेवले होते, त्या नावाची एक मुलगी वाढवली होती. ती मुलगी कधी नव्हतीच असे आईने मानावे, ही अपेक्षा मला क्रूर वाटते आणि ज्या कुणाला ती योग्य वाटते त्यांच्याशी माझा मतभेद आहे. मात्र ते दुःख जिवंत मुलासमोर मांडले की त्याला स्वतःच्याच पुरश्याला बसावे लागते.

याच्या उलट कॅथरीन. सॅमची शाळेतली मैत्रीण, गाडीत अचानक भेटते. लग्न झालेली, मुलेबाळे असलेली. ही प्रेमकहाणी अनेकांना जुळवून आणलेली वाटली आणि मलाही ती घरातल्या प्रसंगांपुढे फिकी वाटली. पण कॅथरीनला ऐकू येण्याची अडचण आहे, भूमिका करणाऱ्या हिलरी बाक यांनाही आहे. समोरच्याचे कळायचे तर तिला त्याच्या तोंडाकडे नीट बघावे लागते. ती सॅमकडे बघते आणि त्याच्याकडून खुलासा मागत नाही. एवढ्यासाठी ते प्रसंग मी सहन केले.

हे सगळे मी आपाला सांगितले, भावाची गोष्ट सोडून. ती तिला माहीतच होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. म्हणाली, "इंग्रजीत सोपं आहे रे. समोर बसलेल्याशी बोलताना बाई-पुरुष कळतच नाही, चूक होते ती दुसऱ्याजवळ त्याच्याविषयी बोलताना. आपल्याकडे दारातच अडतं. कधी आलास म्हणायचं की कधी आलीस? कसा आहेस, की कशी आहेस? आपल्या घरातल्या बोलीतही तेच, कब आया, कब आई."

"आलात म्हणायचं," भाचा म्हणाला. "त्याला लिंग नसतं."

"पोटच्या पोराला आलात म्हणू? पाहुणा आहे का तो?" आपा म्हणाली. मग म्हणाली, "मी विचारणारच नाही कधी आलास ते. म्हणेन, ये. बस. हात धू, जेव. आज्ञार्थात स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जीभ घसरेलच," आपा म्हणाली. "तीस वर्षांची सवय. घसरली की सुधारायची आणि पुढचं बोलायचं. रडायचं तर स्वयंपाकघर आहे ना. त्याच्यासमोर कशाला?"