अभ्यासक्रमाचे प्रधान आणि अंग

यज्ञाचा अधिकार कोणाला, या प्रश्नाची चर्चा जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात येते. अधिकार चारही वर्णांना आहे असे बादरी नावाचे आचार्य म्हणत. जैमिनींनी ते मत नोंदवले आणि खोडून काढले. तो निवाडा अन्याय्य होता, हे आज वेगळे सिद्ध करायची गरज नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच अध्यायातला पुढचा भाग. गरिबाला अधिकार आहे, कारण दारिद्र्य कायमचे नसते, धन मिळवता येते. ज्याच्या शरीरातले व्यंग बरे होण्याजोगे असेल त्यालाही अधिकार आहे. कायमचे असेल तर नाही. या सूत्रांवरचे शबरस्वामींचे भाष्य कारणही देते: दृष्टिहीनाला आज्य, म्हणजे यज्ञातले तूप, निरखण्याचा विधी करता येत नाही, पांगळ्याला विष्णुक्रम या विधीतली पावले टाकता येत नाहीत. विधी वेदाने सांगितलेला आणि वेद अपौरुषेय, म्हणजे कुणा माणसाने न रचलेला, म्हणून विधी हलणार नाही. हलायचे ते माणसाने. ही गृहीतके मान्य केली तर तर्कात खोट काढणे अवघड आहे.

आज शिकण्याचा अधिकार ठरवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र अपौरुषेय नसतो. व्याख्यान किती मिनिटांचे, अक्षरे केवढी, चाचणीला वेळ किती, हे सारे कुणीतरी एका दुपारी बसून ठरवलेले असते. तरीही एखाद्याला ते पेलले नाही की आपण मीमांसकांचाच निष्कर्ष काढतो: त्याची कुवत नाही. मराठीतले एक उदाहरण घ्या. अनेक टिपणे आजही जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली असतात. डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसतात, पण आत साठवलेली चिन्हे रोमन असतात. एनव्हीडीएसारखे मोफत स्क्रीन रीडर युनिकोड मराठी वाचून दाखवते. पण असे टिपण उघडले की त्यातून निरर्थक आवाज येतात. स्कॅन केलेल्या पानाचे तर नुसते चित्रच असते. इथे दृष्टिहीन विद्यार्थ्याला मराठी येते, विषय कळतो, यंत्रही हाताशी आहे; असमर्थ आहे ते टिपण. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी जगासाठी खुल्या केलेल्या व्याख्यानांना नीट उपशीर्षके नाहीत, म्हणून अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये दावे लावले आणि 2019 व 2020 मध्ये त्यांत तडजोडी झाल्या. ज्ञान फुकट वाटले जात होते. अडत होते ते पडद्याखालच्या ओळींपाशी.

यावर गंभीर आक्षेप आहे तो दर्जाचा. प्रत्येकासाठी वाट सोपी केली तर शिक्षणाचा कस राहील का? याचे उत्तर मीमांसेतच आहे. नित्यकर्मात, म्हणजे नेमाने करावेच लागणाऱ्या कर्मात, मुख्य कर्म म्हणजे प्रधान घडले पाहिजे, त्याची साहाय्यक अंगे यथाशक्ती. एखादे अंग राहिले तरी कर्म वाया जात नाही. फळाच्या इच्छेने केलेल्या काम्यकर्मात मात्र अंगे पूर्ण हवीत. म्हणजे कस टिकवायचा तर आधी प्रधान काय आणि अंग काय, याचा कठोर निर्णय करावा लागतो, आणि तो करायचे आपण टाळतो. संख्याशास्त्रात आलेखाचा अर्थ लावणे प्रधान आहे. तो डोळ्यांनी पाहणे अंग आहे. आकड्यांचा तक्ता आणि शब्दांतले वर्णन दिले तर प्रधानाला धक्का लागत नाही. तर्कशास्त्राच्या परीक्षेत घड्याळ हे अंग आहे. तातडीच्या शुश्रूषेच्या प्रशिक्षणात वेग हाच प्रधान असू शकतो. क्ष-किरण चित्र वाचायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात दृष्टी वगळता येणार नाही, हे स्वच्छ सांगावे. पण अशी प्रामाणिक मर्यादा क्वचित आढळते. बहुतेक ठिकाणी केवळ सवयीला प्रधानाचा मान मिळालेला असतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा: मोजक्यांसाठी एवढे का करायचे? 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले, तेही 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस करण्याआधी. शिवाय वर्गात ते दिसत नाहीत, याचा पुरावा म्हणून उपयोग करता येत नाही. दार बंद असताना आत कोण आले नाही हे मोजून काय कळणार? गरिबाचा प्रश्नही इथेच येतो. त्याने धन मिळवावे, असे मीमांसक म्हणाले. लॅपटॉप घ्या, असे आपण म्हणतो. तासाभराच्या चित्रफितीसोबत तिचा नुसता आवाज आणि लिखित मजकूर ठेवला तर तेच व्याख्यान स्वस्त फोनवर, थोड्या डेटात पोचते. हे काम आखणी करतानाच धरले तर बेताचे असते. सगळे तयार झाल्यावर करायला घेतले की महाग पडते, आणि मग तीच महागाई नकाराचे कारण म्हणून पुढे केली जाते.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. गरजा एकमेकींशी भांडतात. हलत्या चित्रांनी एकाला संकल्पना कळते, दुसऱ्याचे लक्ष त्यानेच विस्कटते. भरपूर मजकूर कर्णबधिराला आधार देतो आणि वाचन-अक्षमता असलेल्याला थकवतो. सर्वांना सारखी मानवेल अशी एकच आदर्श मांडणी होणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच एका आशयाच्या दोन-तीन वाटा हव्यात, निवड शिकणाऱ्याच्या हाती हवी, आणि नावनोंदणीच्या वेळी तुम्हाला काय अडते हे त्याला विचारले गेले पाहिजे. त्याचे उत्तर वाचून पुढच्या आठवड्याचा धडा बदलण्याची मोकळीक शिक्षकाकडे असावी. वेदाने बांधलेल्या ऋत्विजाकडे, यज्ञाच्या पुरोहिताकडे, ती कधीच नव्हती.