नसलेल्या बोटाची कळ

अंगठा गेला तर 30 टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी 7. कमावण्याची क्षमता किती घटली, याचा हा हिशेब 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात मांडून ठेवला होता. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत, उल्हासनगरच्या गाळ्यांमधल्या लहान कारखान्यांत ‘प्रेसमध्ये बोट गेलं’ ही बातमी नवी नसते. जखम भरते, टाके निघतात, कागद पुढे सरकतात. आणि एखाद्या रात्री ते गेलेलं बोटच ठणकू लागतं.

हे सांगायचं कुणाला? आई मीठ-मोहरी उतरवते. सोबतचे कामगार म्हणतात, मनाचे खेळ आहेत, विचार करू नकोस. कल्याण-कर्जत मार्गावर रूळ ओलांडताना पाय गमावलेल्याचीही हीच गत. नसलेल्या पावलाला खाज सुटते, खाजवायला हात जातो आणि हाताला नुसती चादर लागते. दोनचारदा असं झालं की माणूस बोलणंच बंद करतो. आपल्याला वेडं ठरवतील ही भीती त्या कळेइतकीच खरी असते, आणि ती आपण, आजूबाजूच्यांनी, घातलेली असते.

दुखणं मात्र खोटं नाही. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे यांनी त्याची नोंद केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातले जखमी सैनिक तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये त्याला नाव दिलं. डॉक्टर आजही ‘फँटम लिंब’च म्हणतात. अवयव गमावलेल्या दहांपैकी सहा ते आठ जणांना ही वेदना कधी ना कधी होते. कापलेल्या नसेच्या टोकाशी गाठ धरते आणि ती मेंदूला निरोप धाडत राहते. पाठीच्या कण्यातली मज्जा हळवी होऊन बसते. मेंदूत तर प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली. हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही. हाताच्या जागेशेजारी चेहऱ्याची जागा असते. 1990 च्या दशकात डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या रुग्णाच्या गालावरून कापसाचा बोळा फिरवला, तर त्याला नसलेल्या हाताची बोटं जाणवली! असं का होतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

काहींचा गेलेला हात मूठ वळलेलाच राहतो. नखं तळव्यात रुततात, मूठ उघडत नाही. रामचंद्रन यांनी त्यावर साधा आरसा वापरला. शाबूत हात आरशासमोर धरायचा, प्रतिबिंबात गेलेला हात दिसतो. मूठ हळूहळू उघडायची. काहींची कळ तिथल्या तिथे सैल पडली. सगळ्यांना गुण येत नाही, हेही खरं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या पुष्कळदा पुरत नाहीत. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्यावी लागतात. पण दुखणं सांगितलंच नाही, तर ती मिळणार कशी? झोप उडते, चिडचीड वाढते, कृत्रिम पाय कोपऱ्यात पडून राहतो आणि घरचे म्हणतात, याला चालायचंच नाही.

दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं आणि हाजीअलीची पुनर्वसन संस्था गाठायची, हा प्रवास एका पायावर करणाऱ्याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. मधुमेहाने पाय काळा पडलेल्यांचं तर आधीच बघायला हवं. कापण्यापूर्वी जो पाय फार दुखला, तो नंतरही दुखण्याची शक्यता जास्त. म्हणून शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला आणि घरच्यांना जवळ बसवून सांगावं, की पाय गेल्यावरही तो दुखेल कदाचित, असं पुष्कळांना होतं, आणि दुखला तर लगेच सांगा. पुढे ड्रेसिंगला आल्यावर जखमेबरोबर त्या दुखण्याचीही चौकशी करावी. अशा चौकशीला दोन मिनिटंही लागत नाहीत.