सीमा आणि संमती

एखाद्या प्रदेशाने आपल्या राज्यातून किंवा देशातून वेगळे व्हावे की नाही, हा प्रश्न सामान्यतः इतिहासकार, वकील आणि राजकारणी यांच्या स्वाधीन केला जातो. सीमाभागातील आपण मंडळी सत्तर वर्षे या प्रश्नातच संसार करीत आलो आहोत. तरी त्याची नैतिक बाजू आपण क्वचितच तपासली आहे. आपला वाद ताम्रपट, शिलालेख, जनगणनेचे तक्ते आणि महसुली दफ्तरे यांच्या आधारे चालतो. ही साधने न्यायालयात उपयोगी पडतील. परंतु हक्क नेमका कोणाचा, जमिनीचा, भाषेचा की माणसांचा, हे त्यांतून कळत नाही. तेवढ्यापुरताच हा विचार आहे.

प्रथम जमिनीचा हक्क पाहू. येथे कदंब होते, रट्ट होते, यादव होते, आदिलशाही होती, मराठे होते, आणि मग कंपनी सरकार आले. यांपैकी कोणाच्या काळापासून मोजणी सुरू करायची हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे, अशीच आजवरची रीत आहे. टिळकवाडीतील आपल्यापैकी कितीतरी घराणी रत्नागिरी, सावंतवाडी, गोवा किंवा कोल्हापूर-सांगलीकडून वकिली, शिक्षकी, व्यापार वा नोकरीच्या निमित्ताने येथे आली. कुलदैवत कोकणात आणि घरपट्टी बेळगावात, ही आपली जुनी स्थिती आहे. अशा घरांनी भूमिपुत्रत्वाचा दावा फार मोठ्या आवाजात करू नये. किंबहुना त्या दाव्याची आपल्याला गरजच नाही. माणूस जेथे घर बांधतो, कर भरतो, मुले वाढवितो आणि शेवटी देह ठेवतो, तेथल्या कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार त्याला तेवढ्यानेच मिळतो. तो अधिकार मिळविण्यासाठी यादवांना साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

भाषेचा हक्क यापेक्षा बळकट आहे. तथापि तोही दोन्ही बाजूंनी बोलतो. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आपल्या रोजच्या वाटेवर आहे. त्याच वेळी येथे कर्नाटक एकीकरण परिषदही भरली होती, आणि हुयिलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडूचे गीत अधिवेशनात गायले गेले होते, याचे स्मरण आपल्याकडे फारसे होत नाही. मुंबई इलाखा, निजामाचे राज्य, म्हैसूर संस्थान, मद्रास इलाखा आणि कुर्ग अशा तुकड्यांत विखुरलेल्या कन्नड माणसाचे गाऱ्हाणे तेव्हा हेच होते की, आमच्या भाषेला कचेरीत कोणी विचारीत नाही. बावीस वर्षांनी, १९४६ मध्ये, याच गावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. एकाच गावाने दोन भाषांची एकीकरणाची स्वप्ने पाहिली. दोन्ही रास्त होती, आणि दोन्हींच्या नकाशात बेळगाव होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९५१ च्या जनगणनेत बेळगाव शहरात मराठी भाषकांची संख्या निम्म्याहून अधिक होती, हे आपण सर्व जाणतो आणि ते सांगताना आपला आवाज चढतो. माझ्या मते अन्यायाचे मर्म मात्र त्या आकड्यात नाही. फाजलअली, कुंझरू आणि पणिक्कर हे तिघेही विद्वान होते; त्यांनी निवेदने वाचली, शिष्टमंडळे ऐकली, व्यापार आणि दळणवळण यांचा विचार केला. फक्त येथल्या रहिवाशाला, बाबा रे, तुझी इच्छा काय, असे मतपेटी पुढे ठेवून कोणी विचारले नाही. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी जाते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. आणि ज्या गावाची सीमा बदलायची त्या गावाचे तर त्या अनुच्छेदात नावही नाही. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात जे गेले, ते ज्या प्रश्नाचे उत्तर देत होते तो त्यांना रीतसर विचारलाच गेला नव्हता.

संमतीचे तत्त्व एकदा मान्य केले की लगेच दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न उभा राहतो: संमती कोणाची? जिल्ह्याची, तालुक्याची, शहराची की खेड्याची? आंध्र आणि मद्रास यांच्यातील तंटा सोडविताना ह. वि. पाटसकरांनी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि बहुसंख्यांची भाषा ही सूत्रे लावली, आणि त्यानुसार १९५९ चा कायदा होऊन १९६० मध्ये दोन राज्यांनी गावांची अदलाबदल केली. एका मराठी माणसाने तेलुगू-तमिळ भांडण मिटविले आणि त्याचे सूत्र मराठी-कन्नड सीमेवर मात्र आजतागायत लागू झाले नाही, हा विनोद म्हणावा की दैव, ते वाचकांनी ठरवावे.

सेनापती बापटांच्या १९६६ मधील उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने मागितली होती ८१४ गावे. आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि अक्कलकोटसह महाराष्ट्रातील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचविले. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. त्या नकाराची कारणे आपल्याला पाठ आहेत आणि त्यांतील बरीच मला मान्यही आहेत. परंतु त्या नकाराला एक किंमत होती, आणि ती टिळकवाडीने मोजलेली नाही. बेळगावशिवाय तोडगा नको, या भूमिकेचा अर्थ निपाणीच्या दृष्टीने असा झाला की, त्या गावाला मिळू शकणारे उत्तर बेळगावच्या उत्तरासाठी अडवून ठेवले गेले. निपाणीने चळवळीत आपला वाटा पुरेपूर उचलला, हे निर्विवाद आहे. बेळगावसाठी आम्ही थांबतो, असे निपाणीकरांनी मतदान करून ठरविले असते तर तो थोर त्याग ठरला असता. पण तसे विचारण्याचे त्या वेळी कोणाला सुचले नाही. खेडे हा घटक, असे आपण दिल्लीला सांगत होतो. घरात मात्र आपला घटक सबंध सीमाभाग होता. उलट बाजूस, अक्कलकोटच्या गावांनाही आयोगाने मोजले, विचारले नाही. म्हणजे अहवाल स्वीकारणारे आणि नाकारणारे या दोघांनीही माणसांच्या वतीने परस्परच निर्णय घेतला.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकते का? होऊ शकते, आणि एका ठिकाणी झाले आहे. स्वित्झर्लंडमधील जुरा हा फ्रेंच भाषक डोंगराळ प्रदेश १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने बर्न या जर्मन बहुसंख्येच्या प्रांताला देऊन टाकला. १९४७ मध्ये जॉर्ज मोकली या जुराच्या मंत्र्याला सार्वजनिक बांधकाम खाते नाकारण्यात आले. एवढे महत्त्वाचे खाते फ्रेंच भाषकाकडे नको, असे कारण त्यामागे होते. त्या अपमानातून चळवळ उभी राहिली. देशातून फुटून निघावे असे जुराच्या लोकांना वाटत नव्हते. त्यांची मागणी होती ती देश तोच ठेवून प्रांत बदलण्याची, म्हणजे अगदी आपलीच.

तिथे १९७४ मध्ये प्रथम सबंध प्रदेशाला विचारले गेले, आणि तीन हजारांहूनही कमी मताधिक्याने नव्या प्रांताच्या बाजूने कौल पडला. आपल्याकडे प्रकरण तेथेच संपले असते आणि मिरवणूक निघाली असती. तेथे मात्र १९७५ मध्ये दक्षिणेकडील जिल्ह्यांना पुन्हा विचारले गेले की, तुम्हाला या नव्या प्रांतात जायचे आहे की बर्नमध्ये राहायचे आहे? त्यांनी राहायचे ठरविले. ते जिल्हेही फ्रेंच भाषकच होते. पण उत्तरेचा जुरा कॅथलिक आणि दक्षिणेचा प्रॉटेस्टंट, आणि दक्षिणेला बर्नची संगत अधिक सवयीची. त्यानंतर सीमेवरील एकेका गावाला विचारण्यात आले. १ जानेवारी १९७९ रोजी नवा जुरा प्रांत अस्तित्वात आला तो असा तीन चाळण्यांतून गाळलेला, आणि म्हणून अर्धामुर्धा. मुतिए हे गाव थोडक्या मतांनी बर्नमध्ये राहिले. २०१७ मध्ये तेथे पुन्हा मतदान झाले; कौल जुराच्या बाजूने पडला, पण प्रक्रियेतील दोषांमुळे तो रद्द ठरला. २०२१ मध्ये पुन्हा मतदान झाले, आणि १ जानेवारी २०२६ पासून मुतिए जुरा प्रांतात आले. एका गावासाठी दोन सरकारांनी आणि हजारो नागरिकांनी इतका सोस सोसला.

या हकिगतीत आपल्या पक्षाला सुखावणारे जेवढे आहे तेवढेच बोचणारेही आहे. भाषा एक असूनही अर्ध्या जुराने भाषाबांधवांकडे पाठ फिरविली, आणि त्यांना कोणी फितूर ठरविले तरी त्यांचा कौल कौलच राहिला. विचारण्याच्या तत्त्वात हे पथ्य अंतर्भूत आहे: उत्तर आपल्याला हवे तेच येईल, अशी हमी मागता येत नाही.

कॅनडातील क्युबेकचा दाखला आपल्याकडे अधिक परिचित आहे. तेथील मागणी देशापासूनच अलग होण्याची असल्यामुळे ती आपल्याशी पुरती जुळत नाही. १९९५ च्या सार्वमतात वेगळे होण्याच्या विरोधात ५०.५८ टक्के मते पडली. चोपन्न हजार मतांनी एक देश अखंड राहिला. पण त्याच्या काही दिवस आधी क्युबेकच्या उत्तरेतील क्री या आदिवासींनी स्वतःचे मतदान घेतले आणि जवळजवळ एकमुखाने कॅनडात राहण्याचा कौल दिला. कॅनडाची फाळणी होऊ शकत असेल तर क्युबेकचीही होऊ शकते, हा त्यातील रोखठोक मुद्दा होता. त्याआधी १९७७ मध्ये याच क्युबेकने दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्येच असाव्यात असा कायदा केला होता. देशात अल्पसंख्य असलेल्यांनी घरात बहुसंख्य होताच पहिला हात घातला तो पाट्यांना! बेळगावच्या वाचकाला यावर भाष्य नको.

आणि म्हणूनच आपल्या मागणीची खरी परीक्षा दिल्लीत होणार नाही. समजा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल उद्या लागला आणि बेळगाव महाराष्ट्रात आले. मग येथल्या कन्नड शाळांचे काय? सातबारा मराठीतच मिळेल असे सांगून आपण कन्नड शेतकऱ्याला कचेरीच्या पायरीवर तिष्ठत ठेवणार आहोत काय? जेथे पंधरा टक्के लोक दुसरी भाषा बोलतात तेथे महत्त्वाची शासकीय कागदपत्रे त्या भाषेतही मिळावीत, हा दंडक कर्नाटकाने पाळावा म्हणून आपण वर्षानुवर्षे अर्ज करीत आलो आहोत. अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कन्नड माणसासाठी त्या दंडकाचा आग्रह आपल्यापैकी कोणी धरला आहे, असे मी ऐकलेले नाही. जतमधील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली तेव्हा आपल्याकडे त्याची टवाळी झाली. त्यांचा प्रश्न भाषेचा नसून पाण्याचा होता, असे म्हटले गेले. असेना का पाण्याचा! तहानेपोटी दिलेले मत कमी मोलाचे असते, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

आता एक आक्षेप उरतो, आणि तो बाहेरून आलेला नसल्यामुळे अधिक जड आहे. आता कोणाला विचारणार? आपली मुले पुण्यात, बेंगळुरूत आणि परदेशात आहेत. येथे राहिलेली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, कन्नड सफाईने बोलतात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. म्हणजे कौल लागला, असे काही जण म्हणतात. हे मला मान्य नाही. निवडणुकीत माणूस रस्ता, पाणी, जात, पक्ष, उमेदवार या सगळ्यांना मिळून एक मत देतो. त्यातून सीमेचा एकच धागा ओढून काढता येत नाही. याच न्यायाने, पूर्वी समितीचे उमेदवार निवडून येत होते तेव्हा तो कौल होता, असे आपणही म्हणू नये. विलंब झाला म्हणून हक्क मेला, हे म्हणणे तर विलंब करणाऱ्यालाच बक्षीस देण्यासारखे आहे. मात्र विचारायचे झाले तर आज येथे राहणाऱ्यांनाच विचारावे लागेल; पुण्याच्या सदनिकेतून बेळगावसाठी अश्रू ढाळणाऱ्याला नाही, आणि १९५६ च्या मतदारयादीलाही नाही. त्यात आपल्या बाजूचे नुकसान होईल, कदाचित निर्णायक होईल.

माझा स्वतःचा कौल महाराष्ट्राकडे आहे, हे लपविण्याचे कारण नाही. पण आमच्या गल्लीतील कन्नड शेजाऱ्याचा कौल दुसरीकडे असेल, आणि मोजणीच्या मेजावर त्याची चिठ्ठी माझ्या चिठ्ठीइतकीच भरेल. प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी छापावा, अक्षरे सारख्याच आकाराची असावीत, आणि खानापूरच्या रानातील वाडीची पेटी बेळगाव शहराच्या पेटीत न मिसळता वेगळी उघडावी, एवढाच माझा हट्ट राहील.