विसरलो, की विसरायचे होते?

दर रविवारी सकाळी आईला फोन करायचा, हा लंडनला आल्यापासूनचा माझा नेम. एका रविवारी तो मी चक्क विसरलो. त्याआधीच्या रविवारी आईने विचारले होते, "बाबांचं ऑपरेशन ठरतंय, तू येशील ना रे?" आणि मी "बघतो गं" म्हणून वेळ मारून नेली होती. सोमवारी फोन करून सांगितले, "कामाच्या गडबडीत राहूनच गेलं." आईने मानले. मला मात्र ते पटेना, कारण त्या रविवारी काम असे काही नव्हतेच.

सिग्मंड फ्रॉइडने १९०१ साली नेमक्या अशाच गोष्टींवर लिहिले : नावे विसरणे, जीभ घसरणे, वस्तू हरवणे. मनाला नकोसे असलेले आपण जाणिवेतून बाहेर ढकलतो. याला तो दमन म्हणतो. पण ढकललेले नाहीसे होत नाही. ते नेणिवेत दबा धरून बसते आणि आडवाटेने बाहेर येते. आपल्या जुन्या मराठीत नेणीव म्हणजे अज्ञान. फ्रॉइडची नेणीव मात्र सगळे जाणून असते, फक्त आपल्याला सांगत नाही!

हाच चष्मा त्याने स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात हॅम्लेटलाही लावला. काकाने बापाला मारले आणि आईशी लग्न केले. हॅम्लेटच्या बालमनात दडपलेली इच्छाही तीच, म्हणून त्याचा हात काकावर उचलत नाही, असे फ्रॉइडचे म्हणणे. पुढे यालाच ईडिपस गंड हे नाव मिळाले. (आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणले १८८३ साली, आणि नाव दिले 'विकारविलसित'. फ्रॉइडच्या कितीतरी आधी!) एका किल्लीने सगळी कुलुपे उघडू पाहणाऱ्यांचा मला जरा धाकच वाटतो, आणि ईडिपसची किल्ली तशीच आहे. तरी हॅम्लेट जी कारणे सांगतो ती खरी का, की त्यांच्याआड तो काही लपवतो, हा फ्रॉइडचा प्रश्न मला सोडता येत नाही. तो मलाही लागू होता.

मग दोष कुणाचा? "मी नाही, माझ्या नेणिवेने केले" ही फार सोयीची पळवाट आहे. गंमत म्हणजे ती फ्रॉइडनेच बंद करून ठेवली आहे. १९२५ सालच्या एका छोट्या टिपणात तो विचारतो, स्वप्नातल्या वाईट इच्छांना मी जबाबदार आहे का? त्याचे उत्तर : अर्थातच. त्या माझ्या नसतील तर कुणाच्या? ऊर बडवत बसा असे तो सांगत नाही. हा भाडेकरू आपल्याच घरात राहतो, एवढे कबूल करा म्हणतो.

पुढच्या रविवारी फोन बाबांनी उचलला. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी कामाचं काही नव्हतं. ऑपरेशनचं नाव ऐकून मी घाबरलो होतो."

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "अरे, घाबरलोय तर मीही. म्हणूनच ये म्हणतोय."

तिकीट त्याच दिवशी काढले असे लिहायला आवडले असते. काढले ते बुधवारी.