बाकीचे नऊ कुठे गेले?



शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरील एका गावात दहा कुष्ठरोगी प्रभू येशूला भेटले (लूक १७:११-१९). त्यांच्यात एक शोमरोनी होता. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात एरवी कसलेच येणेजाणे नव्हते. पण आजाराने त्यांना एकत्र आणले होते. दहाही जणांनी एका आवाजात प्रभूला हाक मारली. शुद्ध झाल्यावर मात्र एकटा शोमरोनीच परत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे प्रभूला विचारावे लागले. या उताऱ्यावर बोलताना आपण त्यांच्या कृतघ्नतेविषयी बोलतो. पण दुखण्यात एकत्र असलेली ही माणसे बरी होताच एकमेकांनाही दुरावली असतील का, हा विचार आपण सहसा करीत नाही.

दारू सोडलेल्या माणसाला खरा धोका याच वळणावर असतो. दिव्यातली आपली बहुतेक घरे लोकलच्या वेळेवर चालतात. रात्री उशिराच्या गाडीने माणूस उतरतो, अंग आंबलेले, खिशात पगार, आणि घरच्या वाटेवर दुकान उघडे. पिताना सोबती पुष्कळ असतात. सोडल्यावर एकही उरत नाही. आपण ‘आता सुधारला हो’ असे म्हणून मोकळे होतो. पुढे कुणाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात ‘एका पेगने काय होते?’ असा आग्रह करणारेही आपणच.

मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचा मनुष्य एका हॉटेलात उभा होता. दारू सोडून पाच महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी आला तो फसला होता आणि शेजारीच बार होता. तो टेलिफोनकडे वळला. तेथील चर्चेसच्या यादीतून त्याने एका धर्मगुरूंना फोन लावला. त्याला दारूत अडकलेला दुसरा कुणीतरी भेटायला हवा होता. कशाला? स्वतः टिकून राहायला! त्या फोनमुळे त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून हाच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापनादिन मानतात.

आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाऊंडेशन सुरू केले. ते स्वतः या व्यसनातून बाहेर आलेले, आणि हे त्यांनी उघडपणे सांगितले. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. पूर्वी रुग्ण म्हणून आलेली माणसे तिथे कार्यकर्ते झाली. शोमरोनी परत आला तो असाच. याला उपकाराची फेड म्हणावे, पण आम्हांला ही त्या माणसाची रोजची गोळीच वाटते. नव्याने आलेल्याचे थरथरणारे हात पाहिले की स्वतःचे जुने हात आठवतात.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल? जे बंधू दारूपासून दूर राहत आहेत त्यांनी केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. त्या एका रूपातही ख्रिस्त पूर्णपणे आहे, संकोचाचे कारण नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याला घरच्यांनी खोलीत कोंडून एकदम दारू तोडायला लावू नये. त्यात झटके येऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्यावे. सोडून वर्ष-दोन वर्षे झालेल्यांनी अशा घरी एक संध्याकाळ जाऊन बसावे, शक्यतो पगाराच्या दिवशी, आणि स्टेशनवरून त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत यावे.

आणि त्या घरातली बाई? नवरा सुधारला तर लोक त्याचे कौतुक करतात. तिच्या जागरणांची विचारपूस कुणी करीत नाही. बिल यांची पत्नी लोइस यांनी १९५१ साली अशा कुटुंबीयांसाठी अल-अनॉन सुरू केले. तिथे आडनाव सांगावे लागत नाही. मिस्सा संपल्यावर ती घाईने निघून जात असेल, तर आपल्या भगिनींपैकी कुणीतरी तिच्यासोबत दारापर्यंत जावे.