उभ्या गाडीचे भाडे

भिवंडीभोवतीची गोदामे नेमकी तिथेच का वाढली, याचे निम्मे उत्तर जमिनीच्या भावात आहे आणि निम्मे जकातीत. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की महापालिकेची जकात भरावी लागे. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर गाड्या ताटकळत. काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, माणकोली ही मात्र ग्रामपंचायतींची गावे. माल इथे उतरवायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा टेम्पोतून थोडा थोडा आत न्यायचा, म्हणजे पैसा आधीपासून करात अडकत नसे. भातखाचरे बुजली, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, त्यातल्या कितीतरी परवानगीविना. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची वर्षाला सुमारे 7,000 कोटी रुपयांची जकात संपली. गोदामे मात्र हलली नाहीत. ऑनलाइन खरेदीने ती आणखी मोठी झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला आज रस्त्यावर जी अवजड वाहतूक दिसते, तिचे मूळ असे जुन्या करात आहे.

मालवाहतुकीबाबत आपल्याकडे दोन टोके झाली. 1939 चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा ट्रक रेल्वेचा धंदा खातील ही भीती त्यामागे होती. परमिट मोजून दिली जात, म्हणून परमिटलाच किंमत असे. 1988 च्या कायद्याने हा दरवाजा मोकळा केला आणि 2010 पासून नॅशनल परमिटही सोपे झाले. हे योग्यच झाले. वशिल्याने परमिट मिळवणाऱ्यांची मिरासदारी मोडली. कर्ज काढून एक गाडी घेतलेला माणूसही धंद्यात आला. आज एमएच-04 आणि एमएच-05, म्हणजे ठाणे आणि कल्याण पासिंगच्या ट्रकांमागे एकदोन गाड्यांचे किती मालक आहेत, ते कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात बसून पाहावे.

स्पर्धा मोकळी झाली, पण ती फक्त एका बाजूने. मोठी कंपनी वर्षाच्या वाहतुकीचे टेंडर काढते, मोठा ट्रान्सपोर्टवाला ते घेतो, काम दलालाकडे जाते आणि दलाल एका गाडीच्या मालकाला फोन करतो. प्रत्येक पायरीवर भाड्यातला थोडा भाग गळतो. शेवटच्या माणसाने नाही म्हटले तर त्याच्यामागे दुसरा उभाच असतो. डिझेलचा दर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटला आणि 2017 पासून तो रोज बदलू शकतो. टेंडरमधले भाडे मात्र बहुधा ठरलेले असते. सगळ्या मालकांनी मिळून अमुक भाड्याखाली गाडी लावायची नाही असे ठरवले, तर 2002 चा स्पर्धा कायदा आड येतो. संगनमताने दर ठरवणे गुन्ह्यासारखेच मानले जाते, आणि तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण हजारो दुबळे विक्रेते आणि मूठभर बलाढ्य गिऱ्हाइके अशा बाजारात हे तत्त्व एकाच बाजूचे हात बांधते.

2018 च्या जुलैत केंद्राने ट्रकांची वजनमर्यादा वाढवली. तीन अॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. कागदावर हा मालकांचा फायदा होता. प्रत्यक्षात एका रात्रीत देशातल्या गाड्यांची माल नेण्याची ताकद वाढली, माल तेवढाच राहिला आणि भाव पाडायला गिऱ्हाइकाला आणखी एक कारण मिळाले.

गोदामाच्या दारातले दृश्य या सगळ्याहून बोलके आहे. गाडी माणकोलीला पोहोचली की वॉचमन रजिस्टरात नंबर आणि वेळ लिहितो. मग चालक डॉक मोकळा होण्याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला थांबतो. कधी दोन तास, कधी रात्र, कधी दुसरी दुपार. शौचालय नाही, सावली नाही, गाडी सोडून जायची सोय नाही. माल उतरला की बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, पोच मिळते. तिच्यावर नग असतात, वजन असते, तूटफूट असते. गाडी दारात किती वेळ उभी होती, याची नोंद त्या रजिस्टरातच राहते, आणि रजिस्टर गोदामाचे. बँकेचा हप्ता महिन्यावर चालतो, भाडे फेरीवर मिळते. म्हणून वाया गेलेली रात्र भरून काढायला मालक दोनच गोष्टी करू शकतो: पासिंगपेक्षा जास्त माल भरणे किंवा चालकाची झोप कापणे. ई-वे बिलाची मुदत मात्र दिवसाला 200 किलोमीटर या हिशेबाने चालूच असते. कायदा घड्याळ लावतो ते गाडीवर, गोदामावर नाही.

चालकाच्या तासांचा कायदा आपण केला होता. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. एका गाडीचा मालक त्यात येतच नव्हता, आणि स्पर्धेचा सगळा भार तर त्याच्यावरच.

याच्या अगदी शेजारी, त्याच डॉकवर, महाराष्ट्राने वेगळे करून दाखवले आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. कामगार कोणा एका मालकाचा नसला तरी मंडळात त्याची नोंद होते, मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरली जाते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मिळते. या कायद्याच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्या झाल्या, वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावर ट्रकवाले आणि हमाल एकमेकांवर धावून गेले, हे खरे आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही ट्रकवाल्यांची मागणी त्यातूनच आली आणि ती रास्त आहे. तरीही विखुरलेल्या कामगाराला संरक्षण देता येते, हे या कायद्याने सिद्ध केले. पोते उचलणाऱ्याला मंडळ आहे, ते पोते हजार किलोमीटर आणणाऱ्याला नाही.

रस्त्यालगत राहणाऱ्यांचा रागही समजून घेतला पाहिजे. घोडबंदरला किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर रोज तासन्‌तास अडकणाऱ्याला, ट्रकच्या चाकाखाली घरचे माणूस गमावलेल्याला आकडेवारी ऐकवणे निर्दयपणाचे आहे. म्हणून गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी होते. पण उरणच्या बंदरातून निघालेला ट्रेलर शीळफाटा, मुंब्रा बायपास करत भिवंडीला येताना नवी मुंबई आणि ठाणे अशा दोन पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीतून येतो. दोघांच्या अधिसूचना वेगळ्या. एकीकडे सुटलेली गाडी दुसरीकडे अडते आणि अडलेली गाडी उभी करायला पुरेशी जागा नाही, म्हणून ती रस्त्यावरच उभी राहते. 2018 मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता, तेव्हा ऐरोलीपासून कल्याणपर्यंत सगळ्यांनीच ते भोगले.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्या अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी केलेल्या संपामुळे. ते कलम अजून लागू झालेले नाही. पळून जाणे अक्षम्य आहे, यात शंका नको. पण शिक्षा चालकाला सांगायची आणि त्याला सलग जागे ठेवणाऱ्या गोदामाला काहीच विचारायचे नाही, हे न्यायाचे नव्हे.

परमिट राज परत आणा, असे मी म्हणत नाही. भाडे सरकारने ठरवू नये. सरकारने ठरवायचे ते एवढेच: गेटवर गाडी आल्याची वेळ बिल्टीवर लिहिली जावी, ठरावीक तासांनंतर दर तासाचे पैसे माल मागवणाऱ्याने द्यावेत आणि ते भाड्यापासून वेगळे असावेत. तासाला किंमत आली की डॉक आपोआप वाढतील, कारण मग कंपन्या एकमेकींशी लवकर माल उतरवण्यात स्पर्धा करतील. मोठ्या गोदामाला परवानगी देताना आवारातच गाड्यांचा तळ, पाणी आणि शौचालय सक्तीचे करावे. ठाणे आणि नवी मुंबईच्या पोलिसांनी एकच वेळापत्रक काढावे. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मते मागायला येणारे उड्डाणपुलांची यादी घेऊन येतात. पुढच्या वेळी त्यांना आधी विचारा, ट्रक टर्मिनल कोणत्या गावात, किती गाड्यांचे आणि कधी.