वाढते घर, वाटलेले घर

परवडणाऱ्या घरांची चर्चा चौरस फूट, चटईक्षेत्र आणि हप्ता यांभोवती फिरते. तिच्या मुळाशी न्यायाचे दोन प्रश्न आहेत. शहर ज्याच्या श्रमावर चालते त्याला तिथे राहण्याचा हक्क कशातून मिळतो? आणि त्याचे घर कसे असावे, हे कोणी ठरवायचे?

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात दिले. माणूस मुंबईच्या पदपथावर राहतो तो काम जवळ असते म्हणून, आणि उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर नोटीस देऊन त्याला हटवता येते, असेही ठरले. हक्क मान्य झाला, जागा मिळाली नाही.

जागेचे उत्तर महाराष्ट्राने 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून शोधले. विकासकाने पात्र झोपडीधारकाला मोफत सदनिका द्यायची, आधी 225 चौरस फुटांची, पुढे 269 आणि मग 300; बदल्यात वाढीव बांधकाम खुल्या बाजारात विकायचे. अनेक कुटुंबांना पक्के छप्पर, घरात नळ आणि स्वतःचे शौचालय मिळाले. पहाटे सार्वजनिक संडासासमोर रांग लावणाऱ्या बाईला त्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पण या व्यवस्थेत गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या विक्रीवर टांगलेले असते. बाजार मंदावला की काम रखडते आणि कुटुंब संक्रमण शिबिरात अडकते. पात्रता कागदावरच्या तारखेने ठरते. माळ्यावर भाड्याने राहणारा बहुधा हिशेबातच नसतो. शिवाय हाती येणारे घर कायमचे तेवढेच राहते. मुलाचे लग्न झाले म्हणून सातव्या मजल्यावर खोली वाढवता येत नाही, आणि वाळवण घालायला ओटा उरत नाही.

याच्या उलट वाट वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरच्या वसाहतीत दाखवली. आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरे, आणि साधारण 45 ते 75 चौरस मीटरचे भूखंड. शेजाऱ्यांची भिंत कुठेही सामाईक नाही. त्यामुळे ज्याला पैसे जमतील तो आपल्या सवडीने, गवंडी बोलावून घर वाढवू शकतो. पुढे तिथली बरीच मूळ घरे पाडून मजली घरे उभी राहिली. काहींना त्यात आराखड्याचे अपयश दिसते. खरे तर वास्तुकाराने रहिवाशावर टाकलेला विश्वास तिथे वापरात आला. ब्रिटिश वास्तुकार जॉन टर्नर यांनी 1970 च्या दशकात पेरूच्या अनुभवावरून हेच प्रतिपादन केले होते: घराचे मोल ते राहणाऱ्यासाठी काय करते यावर ठरते, आणि निर्णय त्याच्या हाती असले की उणिवाही सुसह्य होतात.

म्हणून लहान ते न्याय्य, असे मात्र म्हणता येत नाही. गांधींना छोट्या वस्तीत स्वावलंबन दिसले. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्यातल्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कठोर टीका केली. ज्या अंगणात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे आडनावही ओळखले जाते. जात विचारून दार बंद करणारी वस्ती कितीही मानवी मापाची असली, तरी तिला न्याय्य म्हणता येणार नाही. मोठी इमारतही आपोआप यातून सुटत नाही. गृहनिर्माण संस्थांत सभासद निवडून घेण्याचे प्रकार घडतातच.

तेव्हा आकारापेक्षा जमिनीच्या मालकीचा प्रश्न आधीचा ठरतो. अमेरिकी अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांनी 1879 मध्ये मांडले की जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, भोवतालच्या समाजामुळे वाढते. म्हणून ती वाढ समाजाची. विनोबांनी 1951 मध्ये भूदान सुरू केले तेही जमीन हवा-पाण्यासारखी सर्वांची आहे, या श्रद्धेतून. मेट्रोचे स्थानक आले की शेजारच्या चाळीची किंमत चढते आणि तिथला भाडेकरूच आधी हलतो. ही वाढ खासगी राहिली, तर बेलापूरसारखे वाढते घरही एक दिवस गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते.

थायलंडने 2003 मध्ये सुरू केलेल्या बान मंकोंग कार्यक्रमात रहिवाशाच्या हातचा निर्णय आणि जमिनीची सामाईक मालकी ही दोन्ही टोके जोडण्याचा प्रयत्न आहे. जमीन आणि कर्ज वस्तीच्या संस्थेकडे असते, आराखडा रहिवासी वास्तुकारांसोबत बसून ठरवतात. एकट्याला जमीन विकून निघता येत नसल्याने किंमतवाढीचा मोह आवरला जातो. मात्र सभासद कोणाला करायचे हे वस्तीच ठरवणार असेल, तर आंबेडकरांचा आक्षेप तिथेही लागू होतो. त्यासाठी प्रवेशाचा नियम वस्तीबाहेरच्या कायद्याने बांधलेला असावा लागतो.